शेवटचा माणूस लातूरला गेला त्याची हकीगत

प्रवासाचं लिहिणारी माणसं डोंगर चढतात, समुद्र ओलांडतात. मी जिने चढले. नांदेडात तीन मजले, लातुरात दोन, आणि तेवढेच परत उतरले. एवढाच माझा हिमालय. तरीपण लिहायला बसले, कारण आमच्या गावातून या कामाला अजून कोणी गेलेलं नाही. पुढं कोणाला जावं लागलं तर वाट ठाऊक असलेली बरी.

मी गयाबाई. आमचं गाव उमरी तालुक्यात. तीस वर्षं अंगणवाडीची मदतनीस होते. सुटून दोन वर्षं झाली, पण नात तिथंच बसती म्हणून अजून खिचडी ढवळायला जाते. माझी शाळा दुसरीपर्यंत. बाकीचं वाचन मी भज्यांच्या कागदावर, औषधाच्या बाटलीवर आणि एसटीच्या पाटीवर शिकले. लिहिलेलं दिसलं की वाचल्याबिगर गयाबाई पुढं सरकत नाही, असा माझा गावात लौकिक आहे. होता म्हणा.

झालं असं, की एका सकाळी जमीन गुरगुरली. खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण आपोआप वाजायला लागलं, कुत्री घराबाहेर पळाली आणि माणसं घरात पळाली. माणसाला अक्कल जास्त म्हणतात ती अशी. पडलं-झडलं काही नाही, पण तेव्हापासून अंगणवाडीतली बावीस लेकरं आम्ही बाहेर लिंबाखाली बसवून राहिलो. कारण अंगणवाडी भरते जुन्या चावडीत. निजामाच्या काळातली खोली, दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. म्हणजे लाकडांवर हातभर माती थापलेलं छप्पर. उन्हाळ्यात लई गार. पण खाली लेकरं निजलेली आणि वर गाडीभर माती, हे एकदा ध्यानात आलं की गारवा वेगळाच लागतो.

महिन्याभरानं डोक्याला टोप घातलेली दोन पोरं आली. त्यांनी घर न् घर पाहिलं, भिंती ठोकल्या, मोजल्या, खुणा केल्या, चहा घेतला आणि गेली. त्यांची पाठ फिरते न फिरते तोच निरोप आला की भूकंपाची पाहणी करायला मोठे साहेब येणार आहेत. झालं! पाहुणा येणार म्हटल्यावर आमचं गाव काय करतं? सारवतं. भूकंपाचे तडे बघायला साहेब येणार म्हणून गावानं तीन दिवसांत सगळे तडे बुजवले आणि वरून चुना मारला. चावडी माझ्याकडं होती. चुन्याचे शिंतोडे उडतात म्हणून मी चष्मा काढून ठेवला, पदर खोचला आणि एका दिवसात भिंत अशी काढली, की नवरीनं तोंड बघावं. पोलिओवाल्यांचे खडूचे आकडे, फवारणीवाल्यांचं गेरू, जनगणनेचे नंबर, आणखी कोणाकोणाची चित्रं, सगळं एका हातात झाकलं, वरून दुसरा हातही दिला. साहेब आले, बघितलं, म्हणाले, "गाव तर उत्तम आहे." आणि गेले. आम्हाला लई बरं वाटलं.

बरं वाटलं ते आठ दिवस. मग अंगणवाडीच्या वरच्या मॅडमनी फर्मान काढलं: सोमवारपासून लेकरं आत बसवा. लिंबाखालची हजेरी धरता येत नाही.

मी म्हटलं, "मॅडम, खोली धोक्याची वाटती."

"वाटून चालत नाही, मावशी. धोक्याची आहे असा कागद आणा. त्याच दिवशी तुमच्या बुद्धविहारात बसवू."

विहार आमच्या वस्तीत आहे. पत्र्याचं छप्पर, विटांच्या हलक्या भिंती, लख्ख उजेड. पण गावातल्या काही घरांना आपली लेकरं विहारात पाठवायला जड जात होतं. तोंडानं कोणी म्हणत नव्हतं. "कागद येऊ द्या," एवढंच म्हणत होते. म्हणजे कागद सगळ्यांनाच हवा होता, ज्याला त्याला आपापल्या कारणानं.

सरपंचाकडं गेले. तरणा माणूस, दोन मोबाईल बाळगतो.

"मावशी, रिपोर्ट तयार हाय. वेबसाइटवर टाकलाय मनले. साऱ्या जगाला दिसतोय."

"मग आपल्याला कामून दिसंना?"

"आपण जगात कुठं येतो, मावशी?"

तरी त्यानं मोबाईल काढला. पहिलं पान इंग्रजी. दुसऱ्या पानावर मोबाईलनं त्यालाच विचारलं, की तू माणूस आहेस का यंत्र? माणूस असशील तर ज्या चित्रांत सिग्नल आहेत ती निवड. आमच्या तालुक्याला सिग्नल नाही. सरपंचानं विजेचे खांब निवडले. तीनदा खटपट केली, पण तो माणूस आहे हे काही त्याला सिद्ध करता आलं नाही.

"जाऊ द्या," म्हणला. "आत बसवू. काय हुतंय?"

माझी नात चार वर्षांची आहे. काय हुतंय ते मला बघायचं नव्हतं.

गुरुवार, नांदेड

मी सकाळच्या गाडीनं उमरीहून निघाले. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि नातीनं पिशवीत टाकलेला एक खडू, एवढं सामान. गाडीचं काय सांगायचं, ती चालते आणि थांबते. गोदावरी दिसली की मी हात जोडते. पाणी असो नसो, नदीचा मान राखावा.

कचेरीचं नाव लिहीत नाही. आत एक भला माणूस बसतो, त्याला उगीच त्रास नको. भूकंप आल्यावर काय करावं हे सांगणारं हे दफ्तर तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली उतरायला जिना एकच, आणि त्या जिन्यात जुन्या फायलींची कपाटं उभी केलेली. मी अंग तिरपं करून वर गेले. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'भूकंप आल्यास जिन्याचा वापर करून तातडीने बाहेर पडा'. मी वाचलं आणि कपाटाकडं बघितलं.

लेखनिकानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. चांगली माणसं असतात हो, खुर्चीच्या आत थोडी खोल असतात एवढंच.

"गावाची माहिती पाहिजे," मी म्हटलं. "आमची चावडी लेकरांच्या बसण्याजोगी हाय का न्हाई?"

"माहिती एकदम खुली हाय, मावशी. कोणीबी बघू शकतंय. नव्या धोरणानं जगात कुठूनबी."

"मग दाखवा."

"आज सर्व्हर बंद हाय."

"काल?"

"काल सुट्टी व्हती."

मग त्याला माझी दया आली. पाठीमागच्या भिंतीवर रंगीत नकाशा होता. सगळा जिल्हा, कुठं फिका, कुठं गडद. उमरीच्या जागी मात्र एका बँकेचं कॅलेंडर लटकलेलं. त्यानं कॅलेंडर उचललं. खाली खिळा.

"तुमचं गाव..." त्यानं चष्मा सावरला, "खिळ्याखाली हाय बगा."

खिळा बघून मला हसू आलं. पंधरा गावांना एक भोक. मग त्यानं समजावून सांगितलं, आणि ते सांगणं खरंच कामाचं होतं. जमीन किती हलेल ही एक गोष्ट आणि भिंत किती सोसेल ही दुसरी. नकाशात जमिनीचं असतं. भिंतीचं त्या टोपवाल्या पोरांच्या रिपोर्टात.

"रिपोर्ट साहेबांकडं हाय."

"साहेब कुठं?"

"लातूरला. शनिवारी कार्यशाळा हाय." त्यानं टेबलावरची पत्रिका पुढं केली. गुळगुळीत कागद, वर पृथ्वीचा गोळा. मी मोठ्यानं वाचलं: 'भूकंपाच्या जोखमीची माहिती : जगातल्या शेवटच्या माणसापर्यंत'.

"हा शेवटचा माणूस म्हणजे कोण?"

लेखनिक घुटमळला. "म्हणजे... खेड्यातलं, म्हातारंकोतारं, ज्याच्याकडं मोबाईल न्हाई... म्हणजे तुमच्यासारखंच, मावशी. राग मानू नका."

"राग कशाचा? मग मीच जाते की लातूरला. साहेबांचा माझ्यापर्यंतचा फेरा तेवढाच वाचंल."

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसले. नांदेडला आले की मी तिथंच जेवते. बसायला लांबच लांब पट्ट्या; माझ्या एका हाताला पंजाबातून आलेलं पागोटेवालं कुटुंब, दुसऱ्या हाताला कोण्या कॉलेजातली पोरगी. वाढणाऱ्या बाप्यानं "परसादा" म्हणत ओंजळीत दोन पोळ्या टाकल्या, डाळ वाढली, पुन्हा आला, पुन्हा वाढली. तुम्ही कुठल्या, कशाला आलात, अर्ज आहे का, ओटीपी आला का, काही नाही. मी माणूस आहे का यंत्र तेही कोणी विचारलं नाही. सिग्नलची चित्रं न निवडता पोट भरलं. माझ्या मनात आलं, त्या धोरणवाल्यांना एकदा इथं ताट घेऊन बसवावं. खुलं म्हणजे काय ते डाळ संपायच्या आत समजेल.

शुक्रवार, लातूर

लातूर आल्याचं मला डोळे मिटूनही समजतं. डाळीचा वास येतो. डाळमिलींतून तुरीचा कोंडा उडतो आणि गावावर बसतो. उघड्या डोळ्यांनी बघाल तर फलक: क्लासेसवाल्यांची पोरं, प्रत्येकाचा पहिला नंबर. एवढे पहिले नंबर एका गावात राहतात आणि तरी रिक्षावाला मला दोनदा त्याच चौकात फिरवून आणतो, याचं नवल वाटतं.

उतरले यमुनाबाईकडं. पूर्वी अंगणवाडीच्या प्रशिक्षणात आमच्या खाटा शेजारी होत्या, तेव्हापासूनची मैत्रीण. तिचं माहेर-सासर दोन्ही किल्लारीच्या बाजूचं. मोठा भूकंप झाला तेव्हापासून ती लातुरात आहे. एका मजल्याचं घर, लोखंडी दार, दाराला कडी आतून कधीच लावत नाही. आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर तीन पेले पालथे घालून त्यांच्यावर एक तांब्या. हलला की पडणार, पडला की वाजणार.

"अजून ठेवतीस?" मी विचारलं.

"सवय. दुसऱ्यांच्या घरी देव असतेत, माझ्या घरी तांब्या."

तिनं धपाटे केले. आम्ही धपाट्याला तीळ लावतो, ती लावत नाही. तीळ लावला की धपाटा नटतो पण पिठाची चव जाते, असं तिचं म्हणणं. मला पटलं नाही, चार मात्र खाल्ले. वर करडईच्या तेलाची धार आणि दही. पाणी मात्र मोजून पेलाभर, कारण लातुरात पाणी हा पाहुणा आहे. आला की सगळं घर धावतं.

जेवता जेवता मी माझं सगळं सांगितलं. चावडी, माळवद, बावीस लेकरं, सोमवार. यमुनाबाई धपाट्याचा तुकडा हातात धरून ऐकत राहिली.

"भिंती किती रुंद?" तिनं विचारलं.

"दोन हात."

"आमच्यापण दोन हात व्हत्या." तिनं तुकडा ताटात ठेवला. "सोयरीक बघाय पाव्हणे आले की आधी भिंत बघायचे. दारात हात आडवा धरून मोजायचे. दोन हात भिंत म्हंजे घर दांडगं, द्या पोरगी. माझं लग्नबी भिंत बघूनच झालं, गयाबाई. नवरा नंतर बघितला."

मी हसले. तीही हसली.

"सांगत व्हते सगळे, लई पक्की भिंत. पक्कीच व्हती. उचलाय चार बापे लागले." ती ताटाकडं बघत होती. "थोरली पोर माझी भिंतीच्या कडंला निजलेली. वस्तीवरल्या कुडाच्या घरातली माणसं पांघरुणं झटकून उठली. आम्ही दांडगे."

मी विचारलं, "आधी कोणी सांगितलं असतं तर?"

"आईकलं नसतं," ती म्हणाली. "भिंत हलकी करा म्हणणाऱ्याला आम्ही भिकारी म्हणलो असतो. पण सांगाय तर पाहिजे व्हतं ना. न आईकल्याचं पाप तरी आमच्या पदरात पडलं असतं." मग पदरानं कट्टा पुसत म्हणाली, "उद्या जा तू. आणि काय निघंल ते मला फोन करून सांग. इसरू नको."

शनिवार, कार्यशाळा

कार्यशाळा एका मोठ्या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर. दारात टेबल, टेबलावर यादी, यादीमागं टाय घातलेला तरुण.

"नाव?"

"गयाबाई."

"संस्था?"

"अंगणवाडी. सुटलेली."

त्यानं यादी खालवर केली. "आजी, तुमचं नाव नाही यात."

मी त्याच्या मागच्या फलकाकडं बोट दाखवलं. "तिथं हाय की. शेवटचा माणूस. मी आले म्हणून सांगा."

त्याला वाटलं, कार्यक्रमातलंच काहीतरी आहे. त्यानं मला पिशवी, पेन आणि गळ्यात अडकवायची पट्टी दिली. पट्टीवर 'प्रतिनिधी' लिहिलेलं. कोणाची ते लिहिलेलं नव्हतं.

आत इतका गारठा होता की मी पदर डोक्यावरून घेतला. पडद्यावर पृथ्वीचा गोळा फिरत होता, त्यावर लाल-पिवळे डाग. एकामागून एक माणसं उठत, इंग्रजीत बोलत, मधेच 'ग्रासरूट' म्हणत. तो शब्द आला की सगळे माझ्याकडं बघत. परदेशातल्या एका गोऱ्या साहेबांनी पडद्यावरून "नमास्कार" केला आणि सांगितलं, की आता जगातला कोणीही माणूस जगातल्या कुठल्याही गावाची जोखीम एका बोटानं बघू शकतो. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सांगितलेली गोष्ट चांगलीच होती, फक्त बोट कोणाचं ते कळत नव्हतं.

नांदेडचे साहेब बोलायला उठले तेव्हा मी सावरून बसले. ते मराठीत बोलले. माहिती म्हणजे शक्ती, माहिती म्हणजे हक्क, माहिती म्हणजे प्रकाश. तीनदा प्रकाश झाला. मग म्हणाले, "कोणाला प्रश्न?"

मी उठले. माईक हातात आला. "साहेब, मी उमरी तालुक्यातली. तुम्ही शेवटच्या माणसापर्यंत यायलाव म्हणून आयकलं. वाट लांबची हाय, म्हणून मीच आले."

काय टाळ्या पडल्या! पडद्यावरच्या गोऱ्या साहेबांनीही वाजवल्या, त्यांना कोणी भाषांतर करून सांगितलं की नाही देव जाणे. साहेब गहिवरले. मला मंचावर बोलावलं. कुठूनशी शाल आली, नारळ आला, फुलांचा गुच्छ आला. फोटो निघाले. कोणी माझ्या पाया पडलं. आणि मला सन्मानानं परत खुर्चीवर आणून बसवलं.

प्रश्न तसाच राहिला. आपल्याकडं माणसाला गप्प करायचं तर शालीसारखं दुसरं काही नाही. रागावलेला माणूस पुन्हा उठतो, शाल पांघरलेला उठत नाही. बिचाऱ्याच्या एका हातात नारळ असतो.

मी नारळ खुर्चीवर ठेवला आणि पुन्हा उठले.

"साहेब, शाल तुम्हीच ठिवा. मला एवढंच सांगा, आमच्या चावडीत सोमवारी लेकरं बसवू का नको?"

आता टाळ्या पडल्या नाहीत. साहेबांनी घड्याळ बघितलं. "आजी, रिपोर्ट अंतिम टप्प्यात आहे. असं आहे, की एकदम गावाला सांगितलं तर घबराट होते. म्हणून आधी बाहेर दाखवतो, तज्ज्ञ बघतात, मग हळूहळू खाली..."

"म्हंजे छप्पर पडल्यावानी," मी म्हटलं. "वरून खाली."

तेवढ्यात कोणीतरी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

जेवणाच्या रांगेत एक पोरगी माझ्यामागं येऊन उभी राहिली. प्रज्ञा नाव, इंजिनिअर, औशाकडची. ताटात तिनं माझ्यासाठी बुंदीचा लाडू आधीच घेतला होता.

"मावशी, तुमच्या गावात सर्व्हे झालाय ना? टोप घातलेली पोरं आलती ना?"

"आलती की."

"मग तुम्ही रिपोर्ट कामून शोधायलाव? उत्तर तर तिथंच हाय."

"कुठं?"

"भिंतीवर. वेबसाइट सगळ्यांना जमत न्हाई, म्हणून आम्ही पोरांनी भांडून एक गोष्ट करून घेतली. दाराच्या उजव्या हाताला, डोळ्यांच्या उंचीवर वीतभर गोल काढायचा. हिरवा असला तर ठीक. पिवळा असला तर डागडुजी करा. लाल असला तर आत बसू नका. नेट नको, ओटीपी नको, इंग्रजी नको. चालतं माणूस बघून जाईल. उमरीचं काम दुसऱ्या टीमनं केलं, म्हणून तुमच्या चावडीचा रंग मला सांगता यायचा न्हाई. पण तिथं हाय, हे नक्की."

लाडू माझ्या हातात तसाच राहिला.

दाराच्या उजव्या हाताला. चष्मा काढून ठेवलेला. पदर खोचलेला. एका हातात झाकलं.

"मावशी? बरं वाटंना का?"

"पोरी," मी म्हटलं, "जगातली सगळ्यात खुली माहिती मी स्वतः बुजवली. वरून दुसरा हातबी मारला."

ती आधी हसली. मग माझं तोंड बघून थांबली आणि तिनं विचारलं, "नुसता चुना का ऑइलपेंट?"

"चुना."

"मग निघतोय. हळू खरडा."

रविवार, परत गाव

परतीच्या वाटेवर मी काहीच बघितलं नाही. कोणतं पीक उभं होतं, नदी कुठं लागली, विचारू नका. सगळी वाट आठवत होते, कोणता रंग होता? गेरू होतं, ते फवारणीचं. खडू पांढरा. हिरवं काही होतं का? आठवायला गेलं की माझा चुन्याचा ब्रशच डोळ्यांपुढं येई. तीन दिवस पाच मजले चढून जे विचारत फिरले ते माझ्या हाताखालून गेलं होतं. खिळा ठोकणाऱ्याला हसले होते मी. त्याचा खिळा एवढासा. माझा ब्रश चांगला पंजाएवढा.

दुपारी गावात पोचले ते घरी न जाता चावडीवर गेले. भाकरीचं उलथणं मागवलं. चष्मा लावला, आणि दाराच्या उजव्या हाताला खरडायला लागले.

बाया जमल्या. सरपंच धावत आला.

"आवं मावशी, काय करायलाव! येवढी गोरीपान भिंत! परत कोणी साहेब आले तर?"

"आले तर त्यांनाबी दाखवू. सर मागं."

आधी माझा चुना निघाला, पापुद्रे पापुद्रे. चांगला बसला होता मेला. मग कडेला पोलिओचा आकडा दिसला. मग गेरूचा ओघळ. मग एक कडा दिसली, वाकडी, गोल घेणारी. माझा हात थांबला. नात माझ्या लुगड्याला धरून उभी होती, ती म्हणाली, "आजी, चेंडू हाय!"

लाल होता.

आणि गोलाच्या खाली, पोरांनी जाड ब्रशनं, मराठीत, साधं सरळ लिहिलेलं होतं: 'ही खोली धोक्याची आहे. लेकरांना आत बसवू नका.'

मी ते मोठ्यानं वाचलं. लिहिलेलं दिसलं की वाचल्याबिगर पुढं न सरकणारी गयाबाई.

सोमवारी मॅडम आल्या. "कागद कुठंय?"

"भिंत उचलून आणू का, मॅडम?" मी म्हटलं.

सरपंचानं भिंतीचा फोटो काढून उमरीहून छापून आणला होता. तो कागद झाला. मॅडमनी त्यावर सही केली. बावीस लेकरं ओळीनं विहारात गेली, त्या काही घरांतलीसुद्धा. कागदात एवढी ताकद असते, मान्य करते.

यमुनाबाईला फोन लावला.

"काय निघालं?"

"लाल."

मागं कुठंतरी तिच्या गल्लीतल्या नळाचा गलका चालला होता. पाण्याचा दिवस असावा. ती पाण्याला गेली नाही.

"लेकरं भाईर हायती का?"

"हाव. सगळी."

"मग ठिवते," म्हणाली. "पाणी आलंय."

त्या आठवड्यात सगळ्या गावानं उलथणी काढली. गल्लीत दिवसभर खर्र खर्र. कोणाचा हिरवा निघाला, त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. माझ्या घरचा पिवळा निघाला. पोरगा लागलाय कामाला. सरपंचानं साहेब यायच्या आधी दाराशेजारच्या भिंतीला चकचकीत फरशी लावून घेतली होती, ती काही उलथण्यानं निघत नाही. त्याला अजून रंग माहीत नाही. तो वेबसाइटवर बघतोय. परवा म्हणाला, "मावशी, आज मला माणूस म्हणून आत घेतलं. पण पुढं आपल्या नावाची सहा गावं निघाली."

पुन्हा सण येतील, साहेबही येतील, चुना मारावाच लागेल. पण आता आमच्या गावात चुना मारताना दाराच्या उजव्या हाताला वीतभर जागा सोडतात. परगावचा पाहुणा आला की विचारतो, "सगळी भिंत पांढरी, एवढंच कामून राहिलं?"

आम्ही त्याला पाणी देतो आणि म्हणतो, वाचा.